बडोद्यात बेस गिटार घ्यायचीय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

श्रावण सरत आला की मला फोन सुरू होतात. गणपतीत सोसायटीच्या स्टेजवर वाजवायचं असतं, नवरात्रात एखाद्या गरबा मंडळाच्या बँडमध्ये शिरायचं असतं, आणि हातात अजून बेस नसतो. दांडिया बाजार, रावपुरा, वाडी, मांजलपूर, कुठूनही फोन आला तरी प्रश्न तेच. बडोद्याच्या ऑर्केस्ट्रात बरीच वर्षं बेस वाजवतोय आणि मित्रांचे बेस घरच्या टेबलावर दुरुस्त करत आलोय, त्या अनुभवावरून ही उत्तरं लिहून ठेवली आहेत.

किती पैशांत काय मिळतं, ते आधी सांगा.

भाव सारखे हलतात, तेव्हा हे आकडे अंदाजाचे समजा. चार पायऱ्या आहेत.

पहिली पायरी १५ हजारांच्या आतली. भारतीय दुकानांचे स्वतःचे ब्रँड आणि ऑनलाइन मिळणारे स्वस्त बेस यात येतात. वाजतात, पण एकाच मॉडेलचे दोन नग एकसारखे निघतीलच असं नाही. एकाचा नेक (लांब मान) सरळ, तर दुसऱ्याच्या फ्रेटच्या, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या, कडा बोटाला कापतात.

दुसरी २० ते ३० हजारांची. इथे यामाहा टीआरबीएक्स १७४, आयबानेझ जीएसआर २००, स्क्वायरचे सोनिक आणि ॲफिनिटी, कॉर्टचे ॲक्शन मालिकेतले बेस भेटतात. नवशिक्याने थेट इथूनच सुरुवात करावी.

तिसरी ३५ ते ६० हजारांची: यामाहा टीआरबीएक्स ३०४, आयबानेझ एसआर ३००ई, स्क्वायर क्लासिक व्हाइब, सायरचे मार्कस मिलर बेस, स्टर्लिंगचे रे मॉडेल. पैसे घेऊन वाजवणाऱ्यांपैकी बहुतेकजण इथे येऊन थांबतात, आणि त्यात कमीपणा काही नाही.

चौथी लाखाच्या आसपास सुरू होते आणि पुढे तिला छत नाही. मेक्सिकोतल्या एन्सेनाडाच्या कारखान्यातले फेंडर, त्यावर कॅलिफोर्नियातल्या कोरोनाचे फेंडर, मग म्युझिक मॅन वगैरे.

म्हणजे लाखाचा बेस वीस हजारांच्या बेसपेक्षा पाचपट चांगला वाजतो?

नाही. पहिल्या पायरीवरून दुसरीवर गेलात तर फरक हातालाच कळतो. दुसरीवरून तिसरीवर गेलात तर वाजवणाऱ्याला कळतो. तिसरीवरून चौथीवर गेलात तर तुम्हाला आणि तुमच्यासारख्याच दोन बेसवाल्यांना कळतो. मैदानावर नाचणाऱ्यांना यातलं काहीच कळत नाही.

पैसे वाढतात तसं काय बदलतं? खुंट्या घट्ट होतात, म्हणजे अर्ध्या रात्रीत सूर उतरत नाही. फ्रेट नीट घासलेले येतात. नेकला लाकडाचे तीन-पाच पट्टे चिकटवलेले असतात, त्यामुळे हवा बदलली तरी तो कमी वाकतो. टीआरबीएक्स ३०४ चा नेक मॅपल आणि महोगनीच्या पाच पट्ट्यांचा आहे, १७४ चा तसा नाही. आतलं वायरिंग बरं असतं, खटखट करत नाही. आणि लाखाच्या पुढे एक गोष्ट मिळते, ती म्हणजे भरवसा: डोळे झाकून कुठलाही नग उचला, बरा निघतो. शिवाय विकायला काढला तर गिऱ्हाईक लगेच मिळतं. पण हात चांगला असेल तर वीस हजारांचा नीट सेट केलेला बेस, सेट न केलेल्या लाखाच्या बेसला लाजवतो. माझ्या टेबलावर असे दोन बेस शेजारी शेजारी पडलेले मी बघितलेत.

फेंडरचे प्रिसिजन आणि जॅझ बेस, दोघांत घ्यायचा कोणता? दुकानदार म्हणतो दोन्ही छान.

दुकानदार खोटं बोलत नाही, पण त्याचा तुम्हाला उपयोगही नाही.

लिओ फेंडरने प्रिसिजन बेस १९५१ मध्ये आणला. त्याआधी बेस म्हणजे माणसाच्या उंचीचा उभा डबल बेस. त्याला फ्रेट नाहीत, सूर कानाने शोधायचा. प्रिसिजनला फ्रेट होते, सूर अचूक लागायचा, म्हणून ते नाव. १९५७ मध्ये त्याला दोन तुकड्यांचा पिकअप (तारेचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा चुंबकी भाग) मिळाला. तोच आजही ‘पी’ पिकअप म्हणून ओळखला जातो. आवाज जाड, गोल, मधोमध बसणारा. जॅझ बेस १९६० चा. दोन स्वतंत्र पिकअप, आवाजात खणखणीतपणा, आणि नटजवळ (डोक्याकडची, तारांना टेकू देणारी पट्टी) नेक अरुंद, साधारण ३८ मिलिमीटर. प्रिसिजनचा नेक सहसा त्याहून रुंद असतो. बोटं लहान असतील तर जॅझचा नेक हाताला सोपा जातो.

आता बडोद्याच्या दृष्टीने महत्त्वाचं. जॅझचे दोन्ही पिकअप सिंगल कॉइल, म्हणजे एकाच वेटोळ्याचे असतात. दोन्हींचा आवाज पूर्ण उघडा असेल तर एकमेकांची विजेची गुणगुण मारतात. एक जरा कमी केला की घूंऽऽ सुरू. घरी हे जाणवत नाही. पण गरब्याच्या मैदानावर जनरेटर, एलईडीच्या माळा, डिमर आणि शंभर फूट केबल यांच्यामध्ये उभं राहून बघा. प्रिसिजनच्या पिकअपचे दोन तुकडे मुळातच एकमेकांची गुणगुण कापतात. हंबकर (दोन वेटोळ्यांचा पिकअप) असलेले बेसही शांत असतात. स्टेजसाठी एकच बेस घ्यायचा असेल तर मी प्रिसिजन किंवा हंबकर म्हणतो. पी आणि जे (जॅझचा) असे दोन्ही पिकअप एकाच अंगावर असलेले बेसही मिळतात. टीआरबीएक्स १७४ आणि जीएसआर २०० त्याच जातीचे. नवशिक्याला हा तोडगा बरा, फक्त नुसता जे पिकअप उघडलात तर गुणगुण पाहुणी येणारच.

ॲक्टिव्ह घ्यावा की पॅसिव्ह?

ॲक्टिव्ह बेसच्या पोटात छोटं प्रीॲम्प असतं आणि ते ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालतं. खर्ज, मध्य, तार वाढवण्या-घटवण्याचे नॉब बेसवरच मिळतात. टीआरबीएक्स ३०४ वर तर पाच तयार आवाजांचा एक स्विच आहे: स्लॅप, पिक, फ्लॅट, फिंगर, सोलो. साउंडवाला तुमचं ऐकत नसेल तेव्हा हे कामी येतं. बडोद्यात साउंडवाला ऐकत नाही असं मी म्हणत नाही, पण तो ढोलवाल्याचं आधी ऐकतो.

बॅटरीची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. बहुतेक ॲक्टिव्ह बेसमध्ये केबल जॅकमध्ये असेपर्यंत बॅटरी चालू राहते, बेस वाजत नसला तरी. एका नवरात्रात तिसऱ्या रात्री घरी आल्यावर थकून बेस केबलसकट भिंतीला टेकवून झोपलो. चौथ्या रात्री आरतीनंतर दुसरा राउंड सुरू झाला आणि माझा आवाज आधी फाटला, मग मेला. ढोल चालू, गायिका चालू, आणि मी मूक अभिनय करत उभा. कीबोर्डवाल्याने डाव्या हाताने खर्ज सांभाळला म्हणून लाज राहिली. तेव्हापासून केसमध्ये दोन नव्या बॅटऱ्या असतात आणि घरी आल्यावर केबल काढणं हे चप्पल काढण्याइतकं पक्कं झालंय. ॲक्टिव्ह घेणार असाल तर बॅटरी बंद करून पॅसिव्ह चालवायचा स्विच आहे का ते विचारा. सायरच्या बऱ्याच मॉडेलांत तो असतो.

चार तारा की पाच? गुरुजी म्हणतात चार पुरेत.

गुरुजी शिकवण्याच्या हिशोबाने बोलतात आणि ते बरोबर आहे. चार तारा म्हणजे मि, ला, रे, सोल. गिटारच्या खालच्या चार तारांच्या एक सप्तक खाली. सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झच्या आसपास बोलते. पाचवी तार लावली तर ती सुमारे ३१ हर्ट्झपर्यंत उतरते.

पण आपल्याकडे गाणं गायकाच्या पट्टीत होतं. पुरुष गायक काळी एकमध्ये किंवा पांढरी दोनमध्ये उभा राहिला की त्याचा खर्जाचा सा चार तारांच्या बेसवर सापडतच नाही, कारण तो सर्वांत जाड तारेच्याही खाली जातो. मग तुम्ही वरच्या सप्तकातला सा घेता: काळी एकसाठी ला तारेवर चौथा फ्रेट, पांढरी दोनसाठी पाचवा. वाजतं, पण पोटात बसणारा तो दणका येत नाही. पांढरी दोनपुरतं जाड तार एक सूर उतरवून काम भागतं. काळी एकला ते पुरत नाही. कीबोर्डवाल्याला ट्रान्सपोजचं बटण आहे, आपल्याला नाही, हे त्याला कितीही वेळा सांगा, विसरतो.

म्हणून माझं मत असं: शिकताना चार. वर्षभराने गरब्यात किंवा सुगम संगीताच्या कार्यक्रमात नियमित वाजवायला लागलात की पाच. पाच तारांचा बेस घेताना मात्र पहिल्या पायरीवर अजिबात नको. स्वस्त पाच-तारीत ती जाड तार ढिली, फडफडत राहते आणि सूर कळतच नाही. टीआरबीएक्स ३०५ सारख्या तिसऱ्या पायरीवरच्या बेसमध्ये ती तार नीट बोलते.

मी हार्मोनियम शिकलोय. बेस समजायला अवघड जाईल का?

उलट सोपं जाईल. बडोद्यात मौलाबक्षांनी १८८६ मध्ये सुरू केलेली गायनशाळा आज सयाजीराव विद्यापीठाच्या परफॉर्मिंग आर्ट्स विद्याशाखेत आहे. त्या परंपरेमुळे इथल्या कितीतरी मराठी घरांत सरगम आधी येते. बेसवर कुठल्याही फ्रेटला सा माना. त्याच फ्रेटवर पुढची, म्हणजे बारीक तार म्हणजे मध्यम. त्याच तारेवर दोन फ्रेट पुढे गेलात की पंचम. सा-प-सा एवढ्यावर हींच या गरब्याच्या ठेक्यात अर्धा गरबा निघतो. उरलेला अर्धा ढोलाच्या धिंशी तुमची तार एकत्र पडते की नाही, यावर ठरतो.

माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. हात पोचतील का?

नेहमीच्या बेसच्या तारेची लांबी, म्हणजे स्केल, ३४ इंच असतं. अकरा वर्षांच्या मुलीला पहिल्या फ्रेटपर्यंत हात लांबवताना खांदा दुखतो, आणि मूल दुखण्याला कंटाळतं, संगीताला नाही. तिच्यासाठी आखूड स्केलचे बेस बघा. स्क्वायर ब्रॉन्को ३० इंची, आयबानेझ मायक्रो २८.६ इंची. आवाज थोडा मऊ येतो, एवढंच. मोहिनी डे हिनेही अगदी लहान वयात बेस हातात घेतला. तिचे व्हिडिओ मुलीला दाखवा. आज जगभर वाजवते ही मुंबईची मुलगी.

ॲम्प लागेलच का? घरात मोठ्या आवाजाचा प्रश्न आहे.

वाड्यात राहत असाल तर शेजारच्या काकूंच्या भिंतीतून तुमचा खर्ज आरपार जाणार, हे धरून चाला. खर्जाला भिंत अडवत नाही. हेडफोन लावायचं छोटं ॲम्प किंवा लॅपटॉपला जोडायचा ऑडिओ इंटरफेस घ्या, काम होतं.

ॲम्प घेणार असाल तर बेससाठीचाच. फेंडर रम्बल २५ किंवा ऑरेंज क्रश बेस २५, दोन्हींत ८ इंची स्पीकर आणि २५ वॅट, घरच्या सरावाला पुरेसे. गिटारच्या ॲम्पमध्ये हळू आवाजात काही बिघडत नाही, पण आवाज वाढवून खर्ज लोटला की त्याचा स्पीकर फाटतो. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकून बेस विकत घेऊ नका. त्या बारक्या स्पीकरला ४१ हर्ट्झ माहीतच नाही. दुकानदार मोबाइलवर ‘डेमो’ दाखवतो तेव्हा तुम्ही फक्त बोटांचा आवाज ऐकत असता.

स्टेजवर ॲम्प नेण्याची गरज सहसा पडत नाही. एक डीआय बॉक्स (बेसचा सिग्नल मिक्सरला चालेल असा करणारी छोटी पेटी) आपला ठेवा, तोच थेट मिक्सरला जोडायचा. मंडळाचा डीआय बॉक्स आधी दहा जणांनी लाथाडलेला असतो.

माझ्याकडे एकूण ३० हजार आहेत. सगळे बेसमध्ये घालू?

नको. २० ते २२ चा बेस, बाकी तारा, रुंद पट्टा, चांगली केबल, ट्यूनर, जाड बॅग आणि एक सेटअप. पट्ट्यावर पैसे वाचवू नका. बेस साधारण चार किलोचा असतो आणि गरब्यात तीन तास उभं राहायचं असतं. दोन बोटं रुंदीचा पट्टा आठव्या रात्री खांद्यात दोरीसारखा रुततो. काही बेसचं डोकं जड असतं, हात सोडला की मान खाली झुकते. दुकानात पट्टा लावून, उभं राहून, दोन्ही हात सोडून बघा. बसून वाजवलेला बेस आणि उभ्याने वाजवलेला बेस, दोन वेगळ्या वस्तू आहेत.

सेटअप म्हणजे नेमकं काय, आणि नव्या बेसला कशाला लागतो?

नवा बेस कारखान्यातून निघतो इंडोनेशियात किंवा चीनमध्ये, जहाजात महिना काढतो, मुंबईच्या दमटीत गोदामात पडतो, आणि मग बडोद्याच्या मेमध्ये येतो, जिथे पारा ४२ च्या पुढे जातो. लाकूड वाकणार नाही तर काय करणार? म्हणून नव्या बेसलाही सेटअप लागतो, आणि पुढे वर्षातून दोनदा: पावसाळ्यानंतर आणि उन्हाळ्याआधी.

घरी तपासायची रीत सांगतो. पहिला आणि शेवटचा फ्रेट एकाच वेळी दाबा. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेटमध्ये व्हिजिटिंग कार्डाएवढी फट हवी. फट मुळीच नसेल तर नेक मागे वाकलाय, तार सगळीकडे खडखडेल. बोट जाईल इतकी असेल तर पुढे वाकलाय, तार दाबताना बोटं रडतील. नेकच्या पोटातली ट्रस रॉड फिरवून हे सुधारतात. एका वेळी पाव वळसा, मग थांबायचं, परत सूर लावायचा, परत बघायचं. घाईने अर्धा-अर्धा वळसा मारणाऱ्याच्या हाती फक्त तुटलेली रॉड येते.

नंतर बाराव्या फ्रेटवर तारेची उंची, जाड तारेखाली दोन ते अडीच मिलिमीटर. मग इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर लागणं: बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक वाजवा (तार न दाबता बोट हलकं टेकवून), मग तोच फ्रेट दाबून वाजवा. दाबलेला सूर चढा असेल तर ब्रिजवरचं सॅडल (तारेचा टेकू) मागे घ्या, उतरा असेल तर पुढे. हे जमत नसेल तर कुणाकडून करून घ्या, पण करा. दुसऱ्या पायरीवरचा बेस सेटअपनंतर तिसऱ्या पायरीवर गेल्यासारखा वाटतो.

तारा किती दिवसांनी बदलायच्या?

चमकदार आवाज हवा असेल तर गरब्याच्या आधी एकदा. घाम आणि ऑक्टोबरची उष्णता मिळून नव्या तारा नऊ रात्रींत म्हाताऱ्या होतात. रोज वाजवून झाल्यावर कोरड्या सुती कापडाने पुसा. जुन्या तारा पाण्यात उकळून परत लावायची युक्ती खरी आहे, मळ निघतो, दोन-चार दिवस खणखणीत वाजतात. घरच्या चहाच्या पातेल्यात मात्र करू नका, एवढं अनुभवाने सांगतो.

उलट बाजूही आहे. मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीचा बेसवाला जेम्स जेमर्सन आपल्या १९६२ च्या प्रिसिजनवर फ्लॅटवाउंड (वरून सपाट पट्टी गुंडाळलेल्या) तारा लावायचा आणि त्या क्वचितच बदलायचा. तो मुरलेला आवाज जुन्या गाण्यांना शोभतो. भावगीतांच्या कार्यक्रमात मी फ्लॅटवाउंडच लावतो.

सेकंडहँड घ्यावा का? फसवणूक होईल का?

घ्यावा, आणि डोळे उघडे ठेवून घ्यावा. बडोद्यात दोन हंगाम आहेत. नवरात्र संपलं की हौशी लोकांचा उत्साह उतरतो. आणि मे महिन्यात फतेगंजकडची हॉस्टेलची मुलं शिक्षण संपवून सामान काढतात. दुसऱ्या पायरीच्या भावात तिसऱ्या पायरीचा बेस मिळायची ही वेळ.

बघायला गेलात तर प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट वाजवा, कंटाळा न करता. फ्रेटमध्ये तारेने खाचा पाडल्यात का? बारीक तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या मध्ये एखादा सूर लगेच मरतो का? फेंडर पद्धतीच्या बेसमध्ये हे पुष्कळदा आढळतं, थोडं चालतं, फार नाही. हेडस्टॉककडून (खुंट्यांच्या डोक्याकडून) डोळ्याला लावून नेककडे बघा, पिळलेला नेक दुरुस्त होत नाही. ट्रस रॉड दोन्ही दिशांना फिरते का, विकणाऱ्यासमोरच बघा. तो ‘नको, राहू दे’ म्हणाला तर तुम्हीही ‘राहू दे’ म्हणा आणि सूरसागर तळ्याच्या काठाने घरी चालत या.

वीस हजारांत ‘अमेरिकन फेंडर’ कुणी देत असेल तर तो अमेरिकनही नाही आणि फेंडरही नाही.

दुकानातून की ऑनलाइन? मुंबईला जाऊन घेतला तर?

पहिला बेस हातात धरून घ्या. बडोद्यात बेसचे फार पर्याय मांडून ठेवलेले नसतात, दुकानात गिटारची भिंत आणि कोपऱ्यात एक-दोन बेस. मुंबईला जायचं असेल तर फुर्टाडोजसारख्या मोठ्या दुकानात एका दिवशी पाच-सहा मॉडेल हाताळता येतात. सकाळची गाडी, संध्याकाळची परत. ऑनलाइन घेतलात तर परतीचे नियम आधी वाचा, आणि पेटी उघडताना व्हिडिओ काढा.

रंग कोणता?

चकचकीत काळ्यावर बोटांचे ठसे आणि घामाचे डाग दिव्यात उठून दिसतात. लाकडाच्या रंगाचा मॅट बरा. माझा पहिला लाल होता. आईने तो बघितल्या बघितल्या विचारलं, हा वाजवायचा आहे की पालखीपुढे नाचवायचा.